ओठांवरून वाचलेला चमत्कार
हे मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. खोबरेल तेलाचा वास आला की तो रविवार आठवतो. सुरतेत कापडाचे लूम चालवून चालवून माझे कान गेले होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पत्र्याच्या खोलीत पाळकांनी माझ्या कानांना तेल लावून प्रार्थना केली आणि समोर उभं राहून विचारलं, "भाऊ, ऐकू येतं का?" आवाज आला नाही. पण लूमच्या खडखडाटात आम्ही कामगार ओठ बघूनच बोलतो, मी ओठ वाचले आणि देवाची लाज राखायला ओरडलो, "येतं!" खोलीभर हालेलुया झालं असावं, सगळ्यांची तोंडं तशी उघडली होती. माझी ही साक्ष ऐकून पुढच्या रविवारी शेजारीण आपल्या बहिऱ्या मुलीला घेऊन आली. मुलीला काहीच ऐकू आलं नाही. एक बाई शेजारणीला म्हणाली, "तुझाच विश्वास कमी पडला." शेजारणीने मान ताठ केली, "मना विश्वास कमी नही शे. देवले काहीच अवघड नही शे. आज नही कयं, ती त्यानी मर्जी!" आज देवाने केलं नाही तर ती त्याची मर्जी, हेही मी ओठांवरूनच वाचलं. आज मीही तेच म्हणतो, कुणाला हसायचं ते हसो. मी अजून बहिरा आहे आणि अजून प्रार्थना करतो. देवाला अशक्य काही नाही, म्हणूनच त्याला माझ्या खोट्याची गरज नव्हती. कमी शेजारणीचा विश्वास नव्हता, खोटी माझी साक्ष होती, हे त्याच मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, एवढं मी तिचं देणं लागतो.