क्लचचं अभ्यंगस्नान

माझं अक्षर चांगलं आहे. एवढं सोडलं तर हातून नीट होईल असं दुसरं एकही काम देवाने मला दिलेलं नाही, हे मला पंचविसाव्या वर्षी समजलं. त्याआधी समजावणारे बरेच होते. पण तेव्हा माझ्याकडे फटफटी होती, आणि फटफटीवाल्या माणसाला कमी ऐकू येतं.

ठाण्याच्या कोर्टात मी दस्तऐवजांच्या नकला उतरवायचो. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातलं लष्करी सामान लिलावात निघालं, त्यातली एक विलायती मोटारसायकल तीन मालकांना वैताग देऊन माझ्याकडे आली. रंग शेवाळी, आवाज पिठाच्या गिरणीचा आणि रुसणं दिवाळसणाला आलेल्या जावयाचं. आमच्या आळीत दुसरी मोटारसायकल नव्हती, त्यामुळे मी स्वतःला निम्मा इंजिनिअर समजत असे. उरलेला निम्मा होण्यासाठी शिकावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षभरात तिचा क्लच गेला. क्लच म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही (मलाही नव्हतं, पण मी ते कुणाला कळू दिलं नाही) त्यांच्यासाठी सांगतो. एका डब्यात एकीवर एक रचलेल्या चकत्या असतात. त्या एकमेकींना घट्ट धरून फिरल्या की इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. धरल्या नाहीत, तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. आमच्या गाडीच्या चकत्यांत बुचाचे तुकडे बसवलेले होते आणि त्यांना तेल लागायचं. ती बुचं झिजली, आणि तसल्या चकत्या मुंबईतही मिळेनात.

मग मी बाळकुमला पदू मिस्त्रीकडे गेलो. पदू तिथल्या भाताच्या गिरणीचं इंजिन सांभाळायचा. शिक्षण मराठी चौथी. मी मॅट्रिक, त्यामुळे त्याचं म्हणणं ऐकून घेणं मला कमीपणाचं वाटायचं. त्याने भंगारातल्या कुठल्याशा गाडीचा निराळ्याच तऱ्हेचा क्लच शोधून काढला, कापडासारखं अस्तर लावलेल्या चकत्यांचा. दोन रविवार कानस चालवून त्याने तो माझ्या गाडीत बसवला. वर बोट नाचवत मला बजावलं,

"ह्यो कोरडा किलच हाय. ह्याला तेल नको. येक थेंब पन नको."

"आणि घातलं तर?"

"कनाला घालाल? मी सांगतंय नं."

मी 'बरं' म्हणालो, पण ज्या सुरात साहेब पट्टेवाल्याला म्हणतो त्या सुरात. यंत्राला तेल नको म्हणे! आमचे अण्णा, म्हणजे वडील, दर शनिवारी मारुतीला तेल घालून आले की त्याच वाटीतून शिवणयंत्र, घड्याळ, दारांच्या बिजागऱ्या आणि स्वतःचे गुडघे अशा क्रमाने सगळ्यांना तेल द्यायचे. अशा घरात वाढलेल्या माणसाला कोरडं यंत्र हे उपाशी गाईसारखं वाटतं.

त्याच दिवाळीत माझ्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न ठरायच्या बेताला आलं होतं. कुसुमला चष्मा होता, आणि त्या काळी चष्मा हे नकाराला पुरेसं कारण असे. तीन ठिकाणी पोहे खाऊन लोक निघून गेले होते. हे चौथं स्थळ कल्याणचं. मुलगा डोंबिवलीला शाळेत शिकवायचा, त्याने कुसुमला पाहिलं होतं आणि तिला पुस्तकंही पाठवली होती. कुसुमने ती दोनदोनदा वाचली, म्हणजे तिकडून कसली अडचण नव्हती. अडचण होती ती मुलाच्या मामांची. वडिलांच्या मागे मामांनीच त्याला वाढवलेलं, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. ते नाशिकहून दिवाळीपुरते आले होते, पाडव्याच्या संध्याकाळी परतणार होते, आणि तिकडे बिनचष्म्याची एक मुलगी त्यांच्या पाहण्यात होती. पाडव्याला त्यांनी होकार दिला तर दिला. नाही तर कुसुमने पुस्तकं परत करायची.

कल्याणहून ठाण्याला यायला आगगाडी होती. मुलगा आणि त्याची आई शहाण्या माणसांसारखे तिनेच येणार होते. पण मामांना मात्र मी फटफटीवरून आणीन, असं मी परस्पर कळवून टाकलं. कुसुमने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दादा, त्यांना गाडीने येऊ दे ना रे. एवढं माझ्यासाठी कर."

"तुझ्यासाठीच तर आणतोय," मी म्हणालो. ती चष्मा पुसत उभी राहिली. मला आजही त्या क्षणाची लाज वाटते.

नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांना तेल-उटणं लागलं. वाटीत कोमट सुवासिक तेल उरलं होतं. मी अंगणात गेलो तर फटफटी कोपऱ्यात पारोशी उभी. पाडव्याला जी आमच्या घराण्याचं भवितव्य पाठीवरून आणणार, ती एकटीच नरकात जाणार? मी क्लचच्या डब्याचं झाकण काढलं आणि चांगलं तीन पळ्या तेल आत सोडलं. वर कुंकवाचं बोट लावलं. पदूची आठवण झाली, आणि ज्ञान आणि चौथी पास यांतला फरक मनात घोळवत मी फराळाला बसलो.

पाडव्याला सकाळी भिवंडीच्या रस्त्याने कल्याणला निघालो. इंजिन नेहमीपेक्षा जोरात ओरडत होतं आणि गाडी नेहमीपेक्षा हळू चालत होती. मी अर्थ काढला की अभ्यंगाने तिला सुस्ती आली आहे. कल्याणला मामा कोट, काळी टोपी आणि पांढरंशुभ्र धोतर अशा थाटात दारात उभे होते. ते मागे बसले तेव्हा पुढचं चाक रस्त्यावर टेकलेलं आहे ना, हे मी वाकून पाहून घेतलं.

बाळकुमच्या अलीकडे खाडीवर पूल आहे. त्याच्या चढावर फटफटीने प्राणांतिक किंकाळी फोडली आणि ती जिथल्या तिथे थांबली. मी आणखी जोर दिला. तिने आणखी किंकाळी फोडली. एक भाजीची पाटी घेतलेली बाई आम्हाला मागे टाकून चालत पुढे गेली.

"काय हो," मामांनी मागून विचारलं, "ही एवढी ओरडते, मग जात का नाही?"

मी म्हटलं, गाडी गरम होतेय. गरम होतच होती. त्या तीन पळ्या तेलात चकत्या एकमेकींवरून घसरत होत्या आणि तेल कढत होतं. थोड्याच वेळात सुटलेला वास मामांनी नाक वर करून घेतला, आणि जवळपास कुणाच्या तरी चकल्या करपताहेत, कुणीतरी जाऊन सांगायला हवं, असं कळवळून म्हणाले. मी मान डोलावली. जाऊन सांगण्यासारखं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

उरलेला पूल आम्ही फटफटीसह पायी ओलांडला. मी हँडल धरून, मामा मागून ढकलत. कोट माझ्या खांद्यावर आणि धोतराचा काचा मारलेला. हेच गृहस्थ आज माझ्या बहिणीला पसंत करायला निघाले आहेत, असा विचार मनात आला की मी नुसता हँडलकडे पाही.

बाळकुमला पदू गिरणीला झेंडूची माळ बांधत होता. त्याने झाकण काढलं, नाक आत घातलं आणि माझ्याकडे न पाहता मामांकडे पाहिलं.

"ह्याला न्हाऊ घातलाय," तो म्हणाला. "उटनं तेवरं ऱ्हायलंय."

त्याने चकत्या काढून पेट्रोलमध्ये टाकल्या, चुलीतली राख चोळली, आणि त्या दुपारपर्यंत काही वाळत नाहीत असा निकाल दिला. मग आपली बैलगाडी जोडली. पाडव्याचे रंगवलेले बैल, पुढे पदू आणि त्याच्या शेजारी मामा. मी मागे, पाय लोंबते सोडून. वाटभर पदू मामांना काहीतरी सांगत होता. 'येक थेंब पन नको' एवढे शब्द मला तीनदा ऐकू आले, आणि दर वेळी मामांचे खांदे हलले.

घरी पोचलो तर अण्णा दारात आणि मुलाकडची मंडळी बैठकीवर, घड्याळाकडे बघत. मामा जाऊन बसले आणि कुसुम पोहे घेऊन बाहेर आली. पाहायला आलेल्या मंडळींसमोर मुलीने मान खाली घालून बसायचं, असा शिरस्ता. ती बसलीही. पण तेवढ्यात मी आत शिरलो, कोपरापर्यंत काळा, मिशीला राख, खांद्यावर दुसऱ्याचा कोट. तिने एकदा वर पाहिलं आणि तिला हसू फुटलं. दाबलं तर आणखी फुटलं. चष्मा नाकावरून घसरला. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, गेली, ती पुस्तकं गेली.

मामांनी बशी खाली ठेवली.

"या भावाबरोबर किती वर्षं राहतेस, मुली?"

"जन्मापासून," कुसुम कशीबशी म्हणाली.

"आणि तरी अजून हसतेस?" मामा अण्णांकडे वळले. "मुलगी पसंत आहे. ही कुठेही नांदेल."

अण्णांना उचक्या लागल्या. कुसुम आत पळाली. (ती रडली असं आई सांगायची. मला कुणी आत सोडलं नाही.) पाडव्याचा मुहूर्त साधून लगेच याद्या करायच्या ठरल्या. मानपान, पंगती, कार्यालय, दोन्हीकडच्या मंडळींनी कबूल करायच्या त्या सगळ्या गोष्टी. मामांनी देण्याघेण्याचं एकही कलम घालू दिलं नाही. फक्त शेवटी एक स्वतःहून सांगितलं: 'वधूच्या बंधूंनी लग्नघरी पायी यावे व येताना कोणासही सोबत आणू नये.'

घरात अक्षर माझंच चांगलं, त्यामुळे ती यादी लिहायला मीच बसलो होतो. 'पायी' या शब्दाखाली रेघ ओढा, असं मामा म्हणाले. मी ओढली. अगदी सरळ आली.