मागच्या नळावर

“टाच नीट घास गं,” संग्रहालयाच्या मॅडम माझ्या मुलीला म्हणाल्या.

कलासंग्रहालयाच्या मागे, फरशी पुसायची फडकी पिळतात त्या नळावर ती एका पायावर उभी होती. दुसरा पाय धारेखाली. पाचवीत आहे. त्या दिवशी आत भिंतीवर तिचं चित्र लागलं होतं, शाळाशाळांतून निवडलेलं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं आपली चप्पल ब्रशनं घासून ठेवली होती.

आमच्या वाडीचा रस्ता खणलेला. जीपपर्यंत चालत आलो, पायाला चिखल होता. खोटं कशाला बोलू? पण लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेची मुलंही बसमधून चिखलातच उतरली. त्यांच्या बुटांवर दारातच कापडी पिशव्या चढवल्या. ती मुलं तशीच आत गेली.

मी पालक म्हणून सोबत होतो. कामशेतला तांदळाच्या दुकानात हिशेब बघतो, मोजल्याशिवाय बोलत नाही. आमची मुलं बावीस. दारातल्या टोपलीत पिशव्या शंभराच्या वर.

“त्यातल्या आमच्या पोरांना द्या की,” मी म्हटलं.

“त्या पाहुण्यांसाठी आहेत. तुमची जिल्हा परिषदेची ना? मागून या, पाय धुऊन.” मग मॅडम माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, “तुम्हीपण.”

पाहुण्यांसाठी. आमच्याकडे पाहुणा दारात आला की घरातलं माणूस तांब्या घेऊन बाहेर येतं. आधी पायावर पाणी, मग चहा. तो मान असतो. इथं त्याच पाण्यानं आम्हाला आमची जागा दाखवली.

नळी धरणारा वॉचमन आमच्याच बाजूचा. मान वर न करता म्हणाला, “भाऊ, मला सांगितलंय तेवढं करतोय. राग न्हाई ना?”

“तुझ्यावर न्हाई.”

मीही पाय धुतले. मुलीसमोर.

आत दालनाच्या मधोमध पांढरा चौथरा. त्यावर लाल मातीचा ढीग. मुंबईच्या एका कलाकाराचं काम. मावळातल्या भातखाचराची माती, असं पाटीवर लिहिलेलं. इंग्रजी शाळेच्या मुलांना मॅडम सांगत होत्या, “जवळ या, हात लावा. मातीशी नातं जोडा.” आमची मुलंही पुढे सरकली.

“तुम्ही नको. तुम्ही रोजच बघता.”

सगळे हसले. आमची मुलंही हसली, त्यांना वाटलं गंमत आहे. माझी मुलगी हसली नाही.

“पप्पा, ही बी मातीच हाय. मंग माज्या पायाची का धुवायला लावली?”

मी भिंतीपाशी गेलो आणि तिचं चित्र उतरवलं.

मॅडम धावत आल्या. “अहो, हे काय? मुलीचा फोटो काढायचाय चित्रासोबत!”

“पाय अजून वले हायत तिचे. फोटोत दिसतील.”

बावीसच्या बावीस मुलं घेऊन बाहेर पडलो. पुढच्या दारानं.

आता येत्या शनिवारी त्याच मॅडम आमच्या शाळेत येणार आहेत. सोबत देणगीदार. रंगपेट्या वाटायच्या, मुलांबरोबर फोटो काढायचे. शाळा समितीचा अध्यक्ष मी आहे. गुरुजी म्हणतात, “झालं गेलं सोडा. पोरांना रंग मिळतील.” रंग मी आणीन. सोडणार नाही.

आमच्या शाळेच्या मागे मुतारीशेजारी एक नळ आहे. देणगीदारांनी आमचं काही केलेलं नाही. त्यांच्या पायावर पुढच्या दारात तांब्यानं पाणी घालू. मॅडमसाठी मागचा नळ. पाय धुतल्याशिवाय त्या वर्गात येणार नाहीत. नको असेल तर रंगपेट्यांसकट परत जायचं. आमची मुलं त्या दिवशी चपला घालून वर्गात बसतील. चिखल असला तरी.

नळापाशी मी स्वतः उभा राहणार आहे. त्यांनी पाय धारेखाली धरला की एवढंच म्हणेन, “टाच राहिली.”