दत्तारामची मधली रेघ

दत्ताराम धुरी मानसशास्त्र शिकला तो वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून. एक नाही, दोन नाही, एकोणीस वर्षं. तालुक्याच्या कॉलेजात तो शिपाई, आणि बारा नंबरच्या खोलीच्या दाराशी त्याचं स्टूल. आत सत्यवान परब सर एफ.वाय.च्या पोरांना दरवर्षी तेच धडे शिकवायचे: संवेदन, अवधान, स्मृती, अभिसंधान, समूहाचं दडपण. पोरं एकदा ऐकायची आणि परीक्षेनंतर विसरायची. दत्तारामने एकोणीसदा ऐकलं होतं. पेपर त्याच्यापुढे टाकला असता तर निम्म्या वर्गाला त्याने मागे टाकलं असतं. पण त्यासाठी आधी दहावीचं गणित सुटायला हवं, आणि ते त्याचं दोनदा राहिलेलं.

ऐकलेलं तो गावात लावून बघायचा, ही त्याची खोड. गाव नांदगाव स्टेशनापासून सहा किलोमीटर आत. तिथे म्हावरेवाला स्कूटरवरून यायचा, वळणावर पोंऽ पोंऽ भोंगा वाजवायचा, आणि वाडीतली झाडून सगळी मांजरं शेपट्या वर करून रस्त्यावर. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की तोच माणूस त्याच स्कूटरवरून, तोच भोंगा वाजवत पाव विकायचा. मांजरं तरी धावायची. पावाला नाक लावून बसायची, तोंडं आंबट करून परत जायची. दत्तारामने दिवस मोजले. तेविसाव्या दिवशी भोंगा वाजला आणि एकही मांजर उठलं नाही.

हे त्याने सरांना सांगितलं. सर हसले, "वा, दत्ताराम! म्हणजे आमच्या रशियन कुत्र्यांना तुझी मालवणी मांजरं भारी पडली की!" पुढच्या वर्षी सरांनी तेच वर्गात सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी सरांचं गाईड निघालं, त्यात पान एकेचाळीसवर स्कूटर, भोंगा, मांजरं, तेवीस दिवस, सगळं छापलेलं. खाली ओळ: 'लेखकाच्या स्वतःच्या निरीक्षणातून.' त्या गाईडचे गठ्ठे जिना चढून वाचनालयात नेऊन ठेवले कोणी? दत्तारामनेच.

तो काही बोलला नाही. न बोलण्याची सवय माणसाला एका दिवसात लागत नाही, पिंजऱ्यातल्या कुत्र्याला पुन्हा पुन्हा झटके दिले की मग दार उघडं टाकलं तरी ते उठत नाही. हेही त्याला ठाऊक होतं. धडा आठवा.

पण त्याच्या खरा जिव्हारी लागलेला धडा होता तो रेघांचा.

नोकरीचं पहिलं वर्ष. सरांनी हाक मारली, "दत्ताराम, आत ये." फळ्यावर डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. सर म्हणाले, "डावीकडच्या रेघेएवढी उजवीकडची कुठली, एवढंच सांगायचं." आधी सहा पोरांना विचारलं. सहाही पोरं ठणकावून म्हणाली, "तिसरी." दत्तारामला तर मधली दिसत होती. एकदम मापाची. पण ही शिकलेली पोरं, आपण गणितात नापास. त्यांना काहीतरी कळत असणार. तो म्हणाला, "तिसरी."

वर्ग फुटला हसून. सर म्हणाले, "बघा! समोर दिसत असूनही माणूस चारचौघांसारखं बोलतो. याला म्हणतात अनुरूपता. लिहा."

सहाही पोरांना आधीच पढवून ठेवलेलं. आणि एवढ्यावर संपलं असतं तर बरं. सरांना प्रयोग आवडला. दरवर्षी जुलैत नवी पोरं, फळ्यावर त्याच चार रेघा, आणि "दत्ताराम, आत ये." आता त्याला सगळं माहीत असायचं, तरी "तिसरी" म्हणायचं. जसं टेबल पुसायचं, घंटा द्यायची, तसं वर्षातून एकदा मूर्ख व्हायचं. एकोणीस वेळा झाला.

त्या तासाला सर शेवटी एक वाक्य सांगायचे, ते मात्र त्याने जपून ठेवलं होतं. "सहा जण खोटं बोलत असताना एक जरी खरं बोलला ना, तरी पुढच्याला धीर येतो. एकच माणूस पुरतो."

आता किशोरीचं. किशोरी म्हणजे दत्तारामची धाकटी बहीण, वय एकतीस. शिरोड्याला दिलेली. गेल्या पावसाळ्यात ती झोपेनाशी झाली. परसातल्या विहिरीतून कोणीतरी तिला नावाने हाका मारतं म्हणायची. एकदा विहिरीच्या काठावर एक पाय आत सोडून बसलेली सापडली, तेव्हा सासरच्यांनी रिक्षात घालून माहेरी आणून टाकली. दत्तारामने कोणाला विचारलं नाही. सरळ जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर बाईंनी तासभर ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या आणि त्याला बजावलं, "आवाज थांबले म्हणून गोळी थांबवायची नाही. थांबवलीत तर ती पुन्हा विहिरीवर जाईल, आणि तेव्हा कोणी बघायला असेलच असं नाही."

दिवाळीपर्यंत आवाज थांबले. किशोरी भाकरी थापू लागली, शेजारच्या बायकांशी गजाली मारू लागली. एकदा तर दत्तारामच्या टकलावरून त्याची चेष्टाही केली. पण हात थोडे थरथरायचे, अंग सुटलं होतं, आणि शिरोड्याहून निरोप आला: गोळ्या खाणारी बाई आमच्या घरात नको. सुटल्या तर बघू.

आई रुक्मिणी ह्या निरोपाने उलटली. "दत्ता, चेडवाचो संसार मोडतलो रे तुझ्या त्या गोळीपायी."

"आये, गोळीपायी नाय, गोळी नसली तर मोडतलो."

"तू काय डाक्टर? कॉलेजात पानी देणारो तू!"

आणि ती घाड्याकडे गेली. शंकर घाडी देवाला गाऱ्हाणं घालणारा. त्याने ठरवलं, रविवारी सकाळी देवळात कौल लावायचा. गोळी बंद करायची की नाही ते देवच सांगेल. देवाने एकदा सांगितलं की मग त्या घरात गोळीचं पाकीट ठेवायची कोणाची छाती नाही.

दत्तारामने देवाशी भांडण मांडलं नाही. पालखीपुढे दिवटी धरायचा मान त्याच्याच घराचा, आजोबांपासूनचा. तो शुक्रवारी स्टाफरूममध्ये सरांपुढे उभा राहिला. सत्यवान सर त्याच्याच गावचे, मानकऱ्यांपैकी, वर पीएच.डी. गाव त्यांना 'डॉक्टर' म्हणायचं.

"सर, तुम्ही रविवारी देवळात एक वाक्य बोला. देवाचं काय ते करा, पण गोळी चालू ठेवा. बस. तुमचं ऐकतील."

"अरे, बोलणारच. हा सरळ सरळ आजार आहे. मी आहे ना दत्ताराम, काळजी करू नकोस."

"तुम्हीच सांगता सर. एकच माणूस पुरतो."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दत्ताराम दोन रात्री त्या हाताच्या भरवशावर झोपला.

रविवारी देऊळ भरलं. किशोरीला मधोमध बसवलेली, ओटीत नारळ, हात थरथरताहेत म्हणून नारळ घट्ट धरलेला. सर पुढच्या रांगेत, पांढरा झब्बा. शंकर घाड्याने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर औषध बंद, डावी पडली तर चालू.

डावी पडली.

दत्तारामच्या छातीवरचा दगड खाली उतरला. पण शंकर म्हणाला, "रवा, रवा. चेडवाचा नाव घेवक इसारलंय मी." पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा डावी. "ही पाकळी सुकली हुती, ही धरूची नाय." तिसऱ्यांदा ताजी फुलं आणली, लोक माना पुढे काढून बघत राहिले, आणि उजवी पडली.

"दिल्यान! देवान कौल दिल्यान!"

दोन वेळा देव एक बोलला ते कोणाच्या हिशेबात नाही. माणूस मनात आधीच ठरवतो आणि मग तेवढंच मोजतो. धडा अकरावा. मेल्यांनो, देवावर विश्वास ठेवायचा तर पहिल्या पाकळीवर तरी ठेवा! हे दत्तारामच्या ओठापर्यंत आलं. पण तो थांबला, सर बोलणार होते.

शंकरने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ.

"ह्या धुऱ्यांच्या चेडवाच्या पोटात जा काय औषद जाता, ता आजपासून बंद झाला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या अंगाऱ्यार आनि तीर्थार तेका सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्तारामने तोंड उघडलं नव्हतं. आणि त्याला कळलं की ते कोणालाच कळलेलं नाही. शंभर जणांच्या आवाजात एकाचं गप्प राहणं ऐकू येत नाही. त्याने सरांकडे पाहिलं. सरांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि त्यांचा तो वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज सगळ्यांच्या वर होता. "व्हय म्हाराजा!"

मग दत्ताराम उठला.

"नाय म्हाराजा!"

शंकरचं गाऱ्हाणं अडलं. कोणीतरी मागून म्हणालं, "ह्येका काय झाला आता?"

"दोन येळा डावी पडली, सगळ्यांनी बगलास. गोळी बंद होवची नाय."

"दत्ता, खाली बस!" रुक्मिणी ओरडली. "शिरा पडली तुझ्या तोंडार!"

तेवढ्यात किशोरी बोलली. सकाळपासून तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. नारळ मांडीवर तसाच धरून, हळू पण स्पष्ट म्हणाली, "माका माझी गोळी व्हयी. गोळी घेतलंय काय इहिरीतला ता गप रवता."

एक जण खरं बोलला की पुढच्याला धीर येतो. आला होता. सरांचं वाक्य अक्षराला अक्षर खरं ठरलं होतं. पण शंकर घाड्याने बोट वर केलं. "ऐकलास? चेडू नाय बोलना. तिच्या तोंडातसून ता बोलता. कौल दिल्यार भियाला ता."

शंभर माना डोलल्या. एका बाईने किशोरीजवळून आपलं पोर ओढून घेतलं.

"सर," दत्ताराम म्हणाला, "सांगा ह्यांना."

सरांनी डोळे उघडले. कॉलेजात ते कधी मालवणी बोलायचे नाहीत. आता बोलले. "दत्ताराम, हो श्रद्धेचो विषय आसा. हय वाद नको. गावाबरोबर रवाक व्हया."

दत्तारामने बहिणीचा हात धरला, नारळ तिच्या ओटीतून काढून पायरीवर ठेवला आणि तिला घेऊन बाहेर पडला. मागून आवाज आला, "दिवटी इसर आता!"

शिमग्याला पालखी वाडीत आली. दत्तारामने अंगण सारवून घेतलं होतं, किशोरीने रांगोळी घातली होती. दिवटी चुलत्याच्या हातात. ढोल दारासमोर आला आणि थांबला नाही. रुक्मिणी खांबाला धरून बघत राहिली. त्या दिवसापासून ती पोराशी बोलत नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते, तोंडातून शब्द नाही. आणि गोळ्या घरात ठेवायची सोय उरली नाही, कारण एकदा पाकीट शेणखताच्या खड्ड्यात सापडलं. तेव्हापासून ते दत्तारामच्या खाकी शर्टाच्या खिशात असतं. दुपारी तासाभराची परवानगी काढून तो मोटरसायकलने घरी जातो, स्वतःच्या हाताने गोळी देतो, परत येतो.

सरांनी एकदा व्हरांड्यात त्याला गाठलं. "दत्ताराम, राग धरू नकोस. मला गावात राहायचंय, पुढच्या वर्षी देवस्थान कमिटीची निवडणूक आहे. पण मनातून मी तुझ्याच बाजूने होतो."

"सर, मनातले आवाज आमच्या किशोरीला ऐकू येतात. तुमचा तिलाही आला नाही."

जुलै आला. नवी पोरं आली. दत्तारामला वाटलं, यंदा सरांना लाज वाटेल, धडा नुसता वाचून घ्यायला सांगतील. कसली लाज! अकरा वाजता दारातून हाक आली, तीच, त्याच सुरात. "दत्ताराम, आत ये."

फळ्यावर एक रेघ, शेजारी तीन. सहा पोरं म्हणाली, "तिसरी." दत्तारामची पाळी आली.

"मधली," तो म्हणाला.

सरांनी हसून बघितलं. "नीट बघून सांग."

"मधलीच आहे, सर. पहिल्या वर्षापासून मधलीच आहे." खिशातलं पाकीट चुरचुरलं. "देवळातसुद्धा मधलीच होती."

पोरांना काही कळलं नाही. कोणीतरी फिस्सकन हसलं. पढवलेल्या सहांतली एक मुलगी मात्र उभी राहिली, गोंधळून म्हणाली, "सर, मलाही मधलीच दिसत होती. तुम्ही सांगितलंत म्हणून..."

"बस खाली, इशिता." सरांनी डस्टर उचललं. चारही रेघा पुसून टाकल्या, खडूची धूळ पांढऱ्या शर्टावर उडाली. "प्रयोग कधी कधी फसतो. पुढचं लिहून घ्या. अनुरूपता म्हणजे..."

दत्ताराम बाहेर येऊन स्टुलावर बसला. आत सर व्याख्या सांगत होते, पोरं लिहून घेत होती, इशितासुद्धा. दुपारी त्याने परवानगीच्या रजिस्टरवर सही केली आणि घर गाठलं. रुक्मिणी त्याला बघून पाठ फिरवून चुलीकडे गेली. किशोरी पायरीवर तळहात पुढे करून बसलेली होती. हात थरथरत होता. त्याने गोळी ठेवली, ती तोंडात टाकून ती पाणी प्याली.

"आज उशीर केलंस," ती म्हणाली.

"सरांनी आत बोलवलेल्यान."

"परत तिसरी म्हटलंस?" रेघांची गोष्ट त्याने तिला केव्हाच सांगितलेली.

"नाय."

घरामागच्या विहिरीवरचा रहाट वाऱ्याने कुरकुरला. तिने तिकडे एकदा बघितलं, आणि मग रिकामा पेला त्याच्या हातात दिला.