उसनी कात्री

पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडला फ्लॅटवर राहायला आले आणि गॅलरीत चार कुंड्या मांडल्या. अवजारं घ्यायला बाजारात गेले, तर दुकानदाराने पाच वस्तूंचा रंगीत संच पुढे केला. मी वैतागलेच. "चार कुंड्यांना एवढं लटांबर कशाला? एक खुरपं द्या आणि बारीक भोकांची झारी."

"आणि छाटायला कात्री?"

"नको." ती मी मुद्दामच घेतली नाही.

वाडीत कुणाच्याच घरी सगळं नसायचं. कोयता मागायला गेलं की चहा व्हायचा, परत द्यायला गेलं की पुन्हा चहा.

जास्वंद वाढली तशी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथल्या बाईंनी अर्धवट दार उघडून कात्री दिली. मी दोनच फांद्या कापल्या, बाकीच्या पुढच्या खेपेला ठेवल्या. संध्याकाळी कात्री धुऊन पुसून परत द्यायला गेले.

"अहो काकू, परत कशाला आणलीत? आम्हाला लागत नाही. राहू दे तुमच्याकडेच." त्यांनी हसून दार लावलं.

आता माझ्याकडे सगळी अवजारं आहेत.