निळा ग्रह

लहानपणीची अंतराळयानाची मालिका आता नव्याने सुरू झाली आहे. काल पहिला भाग बघताना मी ताईला म्हटलं, "सगळी वाट लावलीय. आपल्या वेळी मालिकेतला ग्रह निळा होता, यांनी तांबडा केलाय."

ताई हसली. "अरे, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. डोळ्यांना त्रास नको म्हणून बाबांनी काचेवर निळा प्लॅस्टिकचा कागद लावला होता."

खरंच की. म्हणजे ग्रह, यान, कप्तानाचे केससुद्धा बाबांनीच निळे केले होते. मग मूळ मालिका मी पाहिली तरी होती का? नवी वाईट आहे, हे कशाच्या जोरावर म्हणतोय?

पडद्यावर तांबडा ग्रह फिरत होता. मूळचा तसाच असेलही. मला मात्र बाबा आत्ताच कागद काढून घेऊन गेल्यासारखं वाटत होतं.