नवव्या भागातले अकरा सेकंद

बन्सीभाऊ साळव्यांच्या दाराची बेल वर्षातून किती वेळा वाजते, याचा तपशील त्यांनी मला एकदा सांगितला होता. गॅसवाला सात वेळा. मीटर बघणारा सहा. वरच्या मजल्यावरच्या पोरांचं पार्सल चुकून खाली आणणारे, अगणित.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही आधी फोन करता ना, सर. फोन करून येणाऱ्याची बेल धरत नसतात. ती नुसती पोच झाली."

बन्सीभाऊ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टाइम स्टडीला होते. कामगाराला एक नट आवळायला किती सेकंद लागतात, हे त्याच्यामागे उभं राहून मोजायचं काम. असा माणूस कारखान्यात कुणाचा लाडका असणं शक्यच नसतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना मिळालेली टाळी चार सेकंदांची होती, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. स्टॉपवॉच तेवढं त्यांनी घरी आणलं आणि अजून ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. वरण-भाताचा कुकर, बँकेतली रांग, पुण्याहून येणारा निशाचा फोन, सगळं त्यावर मोजलं जातं. निशा म्हणजे मुलगी. तिचा फोन सरासरी तीन मिनिटं चाळीस सेकंद चालतो. "तिला काम असतं," असं ते लगेच पुढे जोडतात.

मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत ते चार वर्षांपासून एकटे आहेत. रत्नमालावहिनी गेल्या तेव्हापासून. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी वहिनींची, खाली टीव्ही, आणि टीव्हीखालच्या कप्प्यात सात कॅसेटी. या माणसाच्या घरात चोर शिरला तर त्याने टीव्ही न्यावा, कपाट न्यावं, कॅसेटींना हात लावू नये. पण आजकालचा चोर कॅसेट ओळखणार तरी कसा, म्हणून बन्सीभाऊ निर्धास्त असतात.

या कॅसेटींची हकीकत अशी. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर 'अर्धा कप जास्त' नावाची मालिका लागायची. तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब, आणि चहा उकळला की नेमकी दाराची बेल. कधी मामा, कधी घरमालक, कधी चुकून भलत्याच घरी आलेला वरपक्ष. बस, एवढंच. भाग सव्वीस. बन्सीभाऊंची शिफ्ट मात्र एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी. त्यामुळे दर दुसऱ्या मंगळवारी तेव्हाच्या चाळीतल्या घरी मालिका चालू असताना हे मशीनपाशी कुणाचे तरी सेकंद मोजत असत.

वहिनींनी यावर एक तोड काढली. घरात रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन होता. लाइटचा भरवसा नसल्यामुळे तो सेलवरच चालायचा. मंगळवारी सात वाजता तो टीव्हीसमोर स्टुलावर ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं. चित्र पकडता येत नव्हतं, आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळी अंगणवाडीत जायच्या तेव्हा टू-इन-वन ताटाशेजारी ठेवलेला असायचा. बन्सीभाऊ दुपारच्या शिफ्टला निघायच्या आधी भाकरी खात मालिका ऐकायचे.

असे त्यांनी तेरा भाग पाहिले आणि तेरा ऐकले. ऐकलेल्या भागांत मालिकेसोबत सगळी खोली होती. कुकरची शिट्टी, "पाय काढ की रे तिकडं", शेजारच्या कडूबाईंची टीका, आणि या सगळ्यावर रत्नमालावहिनींचं हसू. वहिनी गोष्ट घडायच्या आधीच हसायच्या. बेल वाजली की पुढे काय होणार हे त्यांना समजायचं आणि त्या सुरू व्हायच्या. मालिका मागून यायची.

बन्सीभाऊंचा जीव होता तो नवव्या भागावर. त्यात मामा येतो. नायक विचारतो, "मामा, तुमच्या हातात काय आहे?" आणि मग शांतता. मागचं संगीतसुद्धा बंद. एक, दोन, तीन म्हणता म्हणता वहिनींचं हसू सुरू होतं, वाढत जातं, श्वास पुरत नाही, "अगं बाई" एवढंच ऐकू येतं. बरोबर अकरा सेकंद. मग एकदम मामाचा आवाज, "...णि म्हणून मी आलो."

"काय होतं गं तिथं?" असं त्यांनी दुसऱ्या दिवशीच विचारलं होतं. वहिनी सांगायला लागल्या आणि पुन्हा हसायला लागल्या. "तुम्ही बघायला पाहिजे होतं," एवढंच. पुढे तो घरातला खेळच झाला. वर्षातून दोन-तीनदा हे विचारायचे आणि त्या हसून चहा ठेवायला उठायच्या. विचारायला पुष्कळ वर्षं आहेत, असं दोघांनाही वाटत होतं.

त्या मामाचं काम करणारा नट बन्सीभाऊंच्या मते जगातला थोर नट होता. "अकरा सेकंद, सर. तोंडातून अक्षर नाही. संगीत नाही. आणि माणूस लोळतो हसून. दिग्दर्शकाची छाती बघा." भेटेल त्याला ते हे सांगत. मी स्वतः हे पन्नासेक वेळा ऐकलं असेल. मूळ मालिका आता कुठेच शिल्लक नाही. टेपा म्हणे कधीच खराब झाल्या. त्यामुळे त्यांचं म्हणणं खोडून काढायची सोयही नव्हती.

आणि यंदा बातमी आली की 'अर्धा कप जास्त' नव्याने करणार, आजच्या प्रेक्षकांसाठी.

बन्सीभाऊ खवळले. वर्तमानपत्राला त्यांनी तीन पत्रं पाठवली. छापलं एकही नाही, पण मला तिन्ही वाचून दाखवली. मुद्दे चांगले होते. "आता न सांगता येतं कोण? खालून वॉचमन विचारतो, वरून मोबाइल वाजतो, मग माणूस येतो. बेल वाजण्याआधी सगळं जाहीर. मालिका बेलवर उभी होती. बेलच राहिली नाही तर काय, मेसेजवर हसायचं?"

"पण बन्सीभाऊ, तरुण पोरांना कळायला नको का, ही मालिका काय होती ते?"

"तरुण पोरांनी आपल्या नव्या मालिका काढाव्या. आमचं मेलेलं माणूस उठवून त्याला जीन्स घालू नये."

"म्हणजे तुम्ही बघणार नाही?"

त्यांनी चहा गाळला. दोन कप भरून भांड्यात अर्धा कप उरला. तो रोजच उरतो.

"नवव्या भागापुरता बघीन," ते म्हणाले. "त्यांच्याकडं जुनं स्क्रिप्ट आहे म्हणतात. मामाच्या हातात काय होतं, ते कळेल ना त्यात."

तेव्हा मला कळलं की तीन पत्रं लिहिणारा हा माणूस महाराष्ट्रातला या नव्या मालिकेचा सगळ्यात आतुर प्रेक्षक होता.

निशाने पुण्याहून ॲप घालून दिलं. "पप्पा, उगाच त्रास होणार असेल तर नका बघू," असं ती म्हणाली. त्या दिवशीचा फोन पाच मिनिटांचा झाला, तेवढी तरी नव्या मालिकेची कमाई. नववा भाग काय तो बघायचा, असं ठरलं होतं, पण पहिल्या शुक्रवारपासूनच यांनी टीव्ही लावला आणि दर शुक्रवारी दुपारी मला बोलावणं येऊ लागलं. कुटुंब आता बाविसाव्या मजल्यावर गेलं होतं. चहाऐवजी कॉफी होती. आणि दर दोन वाक्यांनी मागे शंभर माणसं हसायची.

"ही शंभर माणसं कोण?" बन्सीभाऊंनी विचारलं.

"ते रेकॉर्ड केलेलं हसू असतं."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. असंच."

"कुणाचंच नाही," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ टीव्हीकडे न बघता कॅसेटींच्या कप्प्याकडे बघत बसले.

नवव्या भागाच्या दिवशी त्यांनी दाढी केली होती. स्टॉपवॉच हातात. मामा आला. नायक म्हणाला, "मामा, तुमच्या हातात काय आहे?" बन्सीभाऊंनी बटण दाबलं.

मामा म्हणाला, "पपई. म्हणजे झालं असं, कोपऱ्यावर गाडी उभी होती, मी म्हटलं भाचेसून पपई खात नाही, भाचा खातो, पण त्याला शुगर, मग उरली कोण, तर पोरं, ती शाळेत, तेव्हा विचार केला, निदान आपल्याला तरी मिळेल, आणि म्हणून मी आलो."

शंभर माणसं यावर हसली नाहीत. त्यांनाही ते फारसं जमलेलं वाटलं नसावं.

बन्सीभाऊंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं. साडेदहा सेकंद.

"बोलणं होतं तिथं," ते म्हणाले. "सर, तिथं बोलणं होतं. 'आणि म्हणून मी आलो.' आपल्या टेपमधे त्याचं शेपूट आहे."

"मग टेपमधे बोलणं गेलं कुठं?"

"आणि ती हसली कशाला?"

याचं उत्तर देऊ शकेल असं माणूस एकच उरलं होतं. कडूबाई. चाळीतलं बिऱ्हाड त्यांनी मालिका संपली त्याच वर्षी हलवलं आणि आता त्या लेकाकडे बिडकीनला असतात. बन्सीभाऊ मला म्हणाले, "चला." मी म्हटलं, फोन तर करू आधी. ते म्हणाले, "नाही. बेल वाजवू."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ते पैठण रस्त्याने बिडकीनपर्यंत आले. कडूबाईंच्या घराला बेल नव्हतीच. दार सताड उघडं, आणि बाई ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या. बन्सीभाऊंना ओळखायला त्यांना वेळ लागला. मग हातातली जुडी खाली पडली.

"अगं माय, बन्सीभाऊजी व्हय? जयभीम. किती वाळलात. रत्ना गेली तवा येता आलं नाय मला, गुडघ्याचं ऑपरेशन झालतं."

"जयभीम, वहिनी. माहीत आहे मला." ते ओट्याच्या कडेला टेकले. "एक विचारायचं होतं. त्या मालिकेत, मामा येतो त्या दिवशी, रत्ना लई हसली होती."

कडूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला.

"तिनं सांगितलंच नाय का तुम्हाला, शेवटपर्यंत?"

"नाही."

"लाइट गेलती," कडूबाई म्हणाल्या.

बन्सीभाऊ पुढे सरकले.

"मामानं बोलायला तोंड उघडलं आन् लाइट गेली. टीव्ही बंद. तुमचा तो रेडिओ सेलवर, तो आपला फिरतोय. उन्हाळ्याचे दिस, बाहेर अजून उजेड व्हता, दार उघडं. आन् आम्ही बारा-पंधरा जणी, लेकरं, म्हातारे, कुणी उठंना. सगळे बंद टीव्हीकडंच बघत बसलेले, तोंडं उघडी. आन् त्या काळ्या काचंत आम्हीच दिसलो. ओळीनं. मी, माझी सासू, ती बोळक्या तोंडाची, मांडीवर नागडं लेकरू. जसं काय आमचीच मालिका लागली. रत्नानं पहिलं बघितलं. तिनं मला कोपर मारलं आन् काचंकडं बोट केलं, आन् मग काय, माझी सासूबी त्या काचंतल्या म्हातारीला हात जोडाया लागली."

बोलता बोलता कडूबाई हसत होत्या, आणि पदराने डोळे पुसत होत्या. "तेवढ्यात आली लाइट. मामा म्हणला, म्हणून मी आलो."

"मग मला सांगायला काय झालं होतं तिला?"

"अवं, तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या नटाचं येवढं कौतुक केलं. म्हणं अकरा सेकंद तोंड उघडलं नाय आन् जग हसवलं. ती मला म्हणली, कडूबाई, आता कसं सांगू, त्या माणसाचं तोंड पडंल. नंतर लई दिस झाले, मग सांगणं ऱ्हाऊनच गेलं." मेथीची एक काडी त्यांनी मोडली. "पण म्हणायची ती. काचंत तेवढे हेच नव्हते, म्हणायची. ड्युटीवर."

कडूबाईंनी चहा दिला. बन्सीभाऊंनी तो घेतला, कप धुऊन ठेवायला उठले, बाईंनी नको म्हटलं तरी धुतला.

परत येताना वाटेत ते एकच वाक्य बोलले. "सर, त्या नटाला मी सदतीस वर्षं फुकट मोठा केला."

मी हसलो. ते हसले नाहीत, की वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही, कोण जाणे.

मी त्यांना दारात सोडून निघणार होतो. पण त्यांनी कुलूप उघडून दार तसंच ठेवलं, म्हणून आत गेलो. उन्हं कलली होती, दारातून तिरपा उजेड खोलीत आला होता. त्यांनी कप्प्यातून कॅसेट काढली. तिच्यावर वहिनींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'भाग ९. चटणी झाकून ठेवली आहे.' ती टू-इन-वनमधे घातली. टीव्ही लावला नाही. टीव्हीसमोर दोन खुर्च्या ओढल्या. एकीवर मी बसलो, एकीवर ते.

खरखर. कुकरची शिट्टी. "पाय काढ की रे तिकडं." "मामा, तुमच्या हातात काय आहे?" आणि लाइट गेली.

वहिनी हसू लागल्या. बन्सीभाऊंचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते पुढे वाकून बंद टीव्हीकडे बघत होते. नव्या टीव्हीची काच मोठी असते. तिच्यात जवळजवळ आख्खी खोली मावली होती. उघडं दार, माझ्या खुर्चीची नुसती कड, आणि दुसऱ्या खुर्चीवर खिशावर हात ठेवून बसलेला म्हातारा.

"सर," ते काचेवरची नजर न काढता म्हणाले, "जरा डावीकडं सरका. तुम्ही दिसत नाही."