पिळायचं राहिलेलं धोतर

आधी मावशीचं सांगतो, मंग माझ्या कोपराचं. मावशी माझी सख्खी न्हाई; मंठ्याकडच्या ज्या पेरूच्या बागेत मी राखणीला राह्यलो, तिथं मोट हाकणाऱ्याची बायको. तिनं मला तगवलं. एवढं लिहितानाही मान खाली जाते.

शाळा तिसरीतच सुटली. घर दूर, गोदावरीपल्याड. मला येत होतं ते एकच, गलोल मारणं. बेचकी नव्हे, बांबूची कमान, तिला दुहेरी दोरी, मधे चामड्याची पट्टी अन् पट्टीत धरायची मातीची गोळी. राघू पेरूवर उतरले की कमान ओढायची. मालकांनी ठेवतानाच सांगितलं होतं, "हात चालंल तवर भाकर."

बहार भरात असताना उजवं कोपर बाहेरच्या अंगानं दुखायला लागलं. मला वाटलं, हात आखडलाय, ओढून ओढून मोकळा होईल. म्हणून दोरी आणखी ताणून बांधली. थोड्याच दिवसांत पाण्याचा तांब्या उचलवेना. सांगायची सोय न्हवती. सांगितलं की परत घर, अन् घरी खाणारी तोंडं आधीच जास्त.

पण धोतरानं चुगली केली. ते पिळताच येईना. निथळतं तसंच कुंपणावर टाकायचो. विहिरीवर मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "का रे भाऊ, धुतलंस का म्हशीवानी नुस्तं डुंबवलंस?" बाया हसल्या. मीही हसलो अन् उजव्या हातानं बादली उचलायला गेलो. ती हातातून सुटली.

मावशी हसायची थांबली. दुपारी तिनं एरंडाची पानं तव्यावर गरम करून कोपराला बांधली, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून हात गळ्यात अडकवला.

"गलोल टांग खुंटीला. हात लावशील तर बघ."

"अन् राघू?"

"तुझे काका मला घाबरतेत, राघूचं काय घेऊन बसलास!"

मंग पहाटेपासून ती पत्र्याचा डबा बडवत बागेतून फिरायची, वर पाटाचं पाणी वळवायचं तिचं काम होतंच. मी झाडाखाली बसून. अन् माझं धोतर ती पिळायची. मिसरूड फुटलेला गडी मी! विहिरीवरून धोतर झटकल्याचा आवाज आला की तोंड फिरवायचो.

एक दिवस मालक आले. "हात गळ्यात कशापायी? गलोल कुठाय?"

मावशीच बोलली, "कोपर धरलंय त्याचं, मालक. उतरंल. तवर डबा मी वाजवून राह्यले. राघूनं फोडलेला एक पेरू दावा बरं."

मालक ओळीओळीनं हिंडले, फळं उलटून पाह्यली. "बराबर हाय," एवढंच म्हणाले अन् गेले.

हात हळूहळू वळणावर आला. आधी रिकामा तांब्या, मंग भरलेला, मंग गोळीवाचून अर्धीच कमान. दोरी आता सैल बांधतो, कळ यायच्या आधीच थांबतो. पहिलं धोतर स्वतः पिळलं तेव्हा मावशीला दाखवायला नेलं. "अजून पाणी गळायलंय," म्हणत तिनं ते ओढून घेतलं अन् पुन्हा पिळलं.

अजून याच बागेत आहे मी. मावशीची बोटं आता वाकडी व्हायला लागलीत. एक दिवस तिला तिचं नऊवारी लुगडं पिळवणार न्हाई. त्या दिवशी ते मी पिळीन. विहिरीवर, सगळ्या बायांदेखत. हसू देत त्यांना.